लाल अल्बम, मग हिरवा, मग करडा

ज्या माणसाला आरतीत टाळसुद्धा ठेक्यात धरता येत नाही, तो एक दिवस परदेशी बाजा घेऊन घरी येतो आणि डोळे मिटून ऐकत बसतो, तेव्हा बायकोने काय समजायचं? मी जे समजायचं ते समजले. माझा स्वभावच तसा. नारळ कानाशी हलवून पाहिल्याशिवाय मी घरात घेत नाही, आणि स्थळ आलं तेव्हा मुलगा बोटीवर आहे म्हटल्यावर मी वडिलांना चारचौघांत विचारलं होतं, ‘बोटीवरच्या माणसाला बंदरं किती असतात?’ वडील म्हणाले, मुलगा सरळ आहे. सरळ माणसांवर माझा विश्वास कमीच. वाकडा निदान वाकडा दिसतो.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. रत्नागिरी शहरात दिवे आले होते, खाडीकडच्या आमच्या वाडीत मात्र कंदीलच. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला गिरणीत, नाहीतर बोटीवर. आमचे हे मालाच्या बोटीवर इंजिनखात्यात तेलवाले होते. बोटीच्या पोटात उभं राहून फिरत्या यंत्रांना तेल पाजायचं, हे काम. एकदा गेले की वर्ष-दीड वर्ष तोंड दिसायचं नाही, मग दोन-तीन महिन्यांची सुट्टी. मुंबईहून येणारी आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं पडावातून किनाऱ्याला यायचं. त्या खेपेला ह्यांच्या ट्रंकेबरोबर एक चौकोनी पेटी उतरली आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. पडाववाल्याने ते जरा आपटलं, तर हे त्याच्यावर केवढ्याने ओरडले! ह्यांचा आवाज इतका चढतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ते मनात ठेवलं.

पेटी म्हणजे चावीचा फोनो. त्याचं नवल नव्हतं, खोतांकडे एक होता आणि गणपतीत तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओसरीवर मांडत. गोणपाटातून जे निघालं ते नवीन होतं. लाल कापडी पुठ्ठ्याची जाडजूड वही, पण पानांच्या जागी कागदी पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटात एक काळी तबकडी. हे त्याला अल्बम म्हणत. सासूबाई चोपडा म्हणत.

‘एवढी गाणी?’ मी विचारलं.

‘गाणी नाय गो. एकच हाय. पन लांब.’

एक गाणं आणि एवढ्या तबकड्या! मी ऐकलेला सगळ्यांत लांबलचक प्रकार म्हणजे शिमग्यात रात्रभर चालणारं नमन, पण तिथे मध्येच संकासुराचं सोंग येतं, उड्या मारतं, माणूस जागा राहतो. इथे हसवायला कोणी येईना. पुष्कळ सारंग्या एकदम सुरू झाल्या, मग सगळ्या गप्प आणि बासरीसारखं एकच काहीतरी, मग पुन्हा सगळे मिळून नळावर भांडतात तसं भांडण. आणि मग एक बाई. तिने आवाज जो वर नेला तो माडाच्या शेंड्यावर नेऊन ठेवला आणि तिथेच बसली, खाली यायचं नाव नाही. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ‘कोन मेलाय तिचा?’ म्हणाल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा देवळात असतो तसा झाला होता.

एक बाजू पान लावून तोंडात टाकेपर्यंत टिकायची. मग सुई बदला, चावी द्या, तबकडी पालटा. पण पालटायची, तर ती हे पालटत नसत. पहिल्या तबकडीची वरची बाजू झाली की ती उचलून ठेवायची, दुसरीची वरची बाजू, तिसरीची वरची बाजू, असं शेवटपर्यंत जायचं आणि मग मागच्या बाजू वाजवत उलट पहिलीकडे यायचं. मी म्हटलं, हा काय द्राविडी प्राणायाम? तेव्हा ह्यांच्याकडून कळलं की ह्या तबकड्या श्रीमंतांच्या यंत्रासाठी केलेल्या. त्या यंत्रावर सगळा गठ्ठा एकदम चढवतात, एक संपली की दुसरी आपोआप तिच्यावर पडते, गठ्ठा संपला की उलटा करून पुन्हा ठेवायचा. म्हणून पहिल्या तबकडीच्या पोटाला सुरुवात आणि पाठीला शेवट. एकाच पाटावर बारसं आणि बारावं.

‘हे तुमाला कोनी सांगितलान?’

‘असंच. कळलं.’

असंच कळलं म्हणे. असं असंच कळत नाही. कोणाच्या तरी दिवाणखान्यात ते यंत्र असल्याशिवाय आणि कोणी तरी शेजारी बसून ते चालवल्याशिवाय हे आमच्या तेलवाल्याला कळणार नव्हतं.

हे कुठे ऐकलंत, असं मी सरळच विचारलं. म्हणाले, बोटीवर. एका मोठ्या साहेबाकडे होता. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी चाचांची वाट धरली. चाचा म्हणजे खाडीच्या पलीकडच्या मोहल्ल्यातले जुने सारंग, आयुष्यभर बोटींवर खलाशांचे मुकादम म्हणून काढलेलं, आता घरी बसून जाळी विणत. ह्यांना पहिल्या बोटीवर त्यांनीच चढवलं होतं. मी आपली सहज विचारते असं दाखवून म्हटलं, ‘चाचा, बोटीवर फोनो वाजतो का हो?’

ते हसले. ‘बाय, बोट म्हणजे काय तुजं माजघर हाय? दर्यात पेला भरून ठेवलास तर अर्दा सांडतो. ती सुई कुठं ठरंल? उड्या मारंल, तबकडी खरवडून टाकंल.’

‘आनी बंदरात उभी असली तर?’

‘तर वाजंल. पन बोट बंदराला लागल्यावर बोटीत कोन बसतो गो?’

त्यांनी आपलं विणायला घेतलं आणि मी घरी आले. येताना वाटेत मला पलीकडच्या वाडीतली ती बाई आठवत होती, जिचा नवरा दर वर्षी आफ्रिकेहून भरलेली ट्रंक पाठवायचा. साबण, अत्तर, मुलांना कापड. ट्रंक यायची, माणूस यायचा नाही. मग कोणीतरी सांगत आलं की त्याचं तिकडे घर आहे, मुलं आहेत. त्या बाईने कुंकू पुसलं नाही आणि सणाला नवं लुगडंही नेसली नाही. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. मला दुसरी कसलीही भीती नव्हती. विहिरीवर विंचू निघाला तर मी चपलेने मारत असे. पण मला ती बाई व्हायचं नव्हतं.

सुट्टी संपताना ह्यांनी मला फोनो चालवायला शिकवला. ‘आदी लालच ऐक. तो अंगात मुरला की सांग, मग फुडचा आनतो. एकदम सगलं ऐकून कळत नाय.’ पुढचा कुठला ते ह्यांच्या मनात आधीच पक्कं असणार, असं मी धरलं. म्हणजे कोणीतरी ह्यांना पायऱ्या आखून दिल्या होत्या, पहिली ही, मग ती. आणि आता त्याच पायऱ्यांवरून मलाही चढवायचं होतं. हे गेले आणि मी पहिल्याच रविवारी दुपारी लाल अल्बम काढला. ऐकायला नाही, तपासायला.

सांगितलेल्या क्रमाने मी मुळीच लावला नाही. तबकडी पुढून वाजवली की मागून वाजवायची, सरळ आपली रीत. त्यामुळे सुरुवातीमागोमाग शेवट यायचा, मग दुसरी पायरी, मग शेवटाच्या अलीकडची. शेवटी तिचा आवाज विझत जायचा, म्हणजे माझ्याकडे ती बाई आधी मरायची आणि मग हळूहळू बरी होत जायची. मला ते फार पटलं. गोष्ट अशी सांगावी. सासूबाई सुरुवातीला बाहेर जाऊन बसायच्या, मग दारात, मग आत. आजारी बाई बरी होते म्हटल्यावर त्यांनाही गोडी लागली. ‘आज कुठवर आली?’ म्हणून विचारायच्या.

मी मात्र त्या बाईच्या पाळतीवर होते. ती किती वयाची, रागीट की लाडावलेली, श्वास कुठे घेते, सगळं मला पाठ झालं. शत्रू ओळखावा लागतो. पण रोज एखाद्या माणसाच्या मागावर राहिलं की तो आपलाच होतो, तसं झालं. मला कळायला लागलं की सारंग्या भांडत नाहीत, एक काहीतरी म्हणते आणि बाकीच्या तेच फिरवून फिरवून म्हणतात, कधी चिडवत, कधी समजावत. पहिल्या तबकडीवर जे चार सूर सहज टाकून दिलेले, तेच तिसऱ्या तबकडीवर काळे कपडे घालून परत येतात. हे मला कोणी शिकवलं नाही. कांडप करताना मी ते गुणगुणायला लागले आणि आपल्यालाच दचकले. सवतीचं गाणं गुणगुणणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नव्हती.

माझा आवाज मोठा आणि घोगरा. माहेरी मला हाका मारायला ठेवत, आंब्याच्या कलमांत पोरं कुठेही असोत, माझी एक हाक पुरे. सासरी सासूबाई म्हणायच्या, सून आणली की शंख आणला. त्यांचा स्वतःचा आवाज सुतासारखा बारीक. पुढच्या खेपेला हे घरी आले तेव्हा मला एक गोष्ट दिसली. आई काही म्हणाली की हे तिकडे बघतच नसत. तिने ‘पेज वाढू काय रे?’ म्हणून तीनदा विचारावं आणि ह्यांनी समोरच्या अंगणात, खळ्यात नजर लावून बसावं. मी आतून ‘जेवायला चला’ म्हटलं की लगेच उठत. सासूबाईंचे डोळे भरायचे. ‘बायल आली नि आये परकी झाली.’ मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी खूश झाले. दूरच्या त्या बाईचं काहीही असो, घरात तरी माझीच चलती आहे.

त्या खेपेला हिरवा अल्बम आला. त्यात बाई नव्हती. पितळेची वाद्यं होती, शिंगं आणि कर्णे म्हणा ना, लग्नाच्या वाजंत्र्यांपेक्षा जाड आवाजाची. हिरवा ऐकताना मला दर वेळी वाटायचं की कोणीतरी मोठा माणूस दार न वाजवता आत आला. वाईट नव्हता. पण लालमधला तो खेळ, ते चिडवणं-समजावणं त्यात कमी. मी ह्यांना म्हटलं, ‘आज लाल लावू या. ती बाई ऐकू या.’

हे पटकन म्हणाले, ‘ती बाय नको.’

‘का? आदी तर लय आवडायची.’

‘नको म्हटलं ना.’ आणि उठून माडांत गेले.

आता बघा. नवऱ्याला एक बाई आवडते, हा एक संशय. आवडणारी बाई एकाएकी नकोशी होते, हा त्याच्या दसपट मोठा. आवडत होती तेव्हा निदान ती तबकडीत असण्याची शक्यता होती. नकोशी होते ती भांडण झालेली बाई. रुसलेली, किंवा मेलेली, किंवा ह्यांना सोडून गेलेली. कानामागून येऊन तिखट झालेली कोणी दुसरीही असेल, शिंगं-कर्णे आवडणारी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे चांदणं माझ्याच मनात पडलं होतं आणि मला झोप येत नव्हती.

तिसऱ्या खेपेला करडा आला. करड्यात काय होतं? सगळ्यांत खालचे, जमिनीतून येणारे आवाज. माणसाएवढ्या सारंग्या असाव्यात, आणि ढोल, आणि देवळाच्या गाभाऱ्यात शंख घुमावा तसं काहीतरी लांबलचक. नक्षी नाही, मुरका नाही. मला तो मुळीच आवडला नाही. लालवरून हिरव्यावर आणि हिरव्यावरून करड्यावर यायचं, ह्यात चढण कसली? मला तर हा उतार वाटत होता. जिने कोणी ह्यांना ह्या पायऱ्या आखून दिल्या तिची अक्कल दिसली. हे मात्र फोनोला चिकटून बसायचे, एक हात पेटीच्या लाकडावर ठेवून, एखाद्या गाभण गाईच्या पोटावर ठेवतात तसा.

मी अबोला धरला. पूर्ण नाही, तो मला जमत नाही. पण बोलले तर दातांतल्या दातांत, भिंतीकडे बघून, जेवढ्यास तेवढं. ‘भात वाढलाय.’ ‘पानी तापलंय.’ माझ्या रागाची रीत उलटी आहे, सगळे चिडले की ओरडतात, मी चिडले की हळू बोलते. शंख गप्प झाला म्हणून सासूबाई घाबरल्या. आणि ह्यांचं काय झालं? ह्यांनी माझ्याकडेही बघणं सोडलं. मी भात वाढलाय म्हणावं आणि ह्यांनी आईला जसं केलं तसंच मला करावं, नजर खळ्यात. पाहिलंत? दोन बायकांची एकच गत. आता मी पण परकी झाले. ह्यांचा चेहरा उतरत गेला, जेवण कमी झालं, आणि बोटीवर परत जायची बोलणी लवकर सुरू झाली. मी मनाशी म्हटलं, ओढ लागली तिकडची.

पुन्हा बोटीवर चढण्याआधी मुंबईत डॉक्टरकडे तपासणी व्हायची. तिला हे कधी घाबरले नव्हते. ह्या खेपेला मात्र त्याच बोटीवरचा एक सोबती येऊन खळ्यात ह्यांच्याशी खूप वेळ खुसपुसला. खुसपुसला म्हणजे तो ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होता आणि हे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी ताकाचे पेले घेऊन गेले तर त्याने झटकन तोंड मागे घेतलं. माणसं असं कशाबद्दल बोलतात ते मला सांगायला नको होतं.

मग मी सापळा लावला. दुपारची वेळ. सासूबाई देवळात पोथीला गेल्या होत्या. हे माजघरात दाराकडे पाठ करून करडा ऐकत बसले होते, हात पेटीवर, डोळे मिटलेले, एक बोट मांडीवर ठेका धरत. मी मागून गेले, अगदी जवळ, आणि हळूच, पण शब्दन् शब्द कानात पडेल असं म्हटलं, ‘तुमची ती तिकडे मेली. चाचांकडे निरोप आलाय.’

मी ह्यांच्या खांद्यांकडे बघत होते. खांदा तरी हलेल. मान तरी ताठ होईल. काही नाही. बोट आपलं मांडीवर चालूच. काय पोचलेला माणूस आहे, मला वाटलं. हा काही साधासुधा लबाड नव्हे. मी उंबऱ्यावरच बसले. वडिलांनी सरळ म्हणून दिलेला नवरा असा दगड निघाला.

बसल्या बसल्या तबकडीची बाजू संपली. सुई शेवटच्या वळणात गेली आणि खर्रर्र, खर्रर्र करून नुसती फिरायला लागली. तो आवाज मला कधीच सहन होत नाही, सुई झिजते आणि दात शिवशिवतात. आता उठतील आणि सुई उचलतील, म्हणून मी वाट पाहिली. हे उठले नाहीत. बोट मांडीवर पडत होतं, ठेक्यात, डोळे मिटलेलेच, मान थोडी हलत होती. खर्रर्र, खर्रर्र. ह्यांचं मात्र अजून चाललं होतं, जे तबकडीवर नव्हतं ते.

मी पुढे जाऊन सुई उचलली. ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, तबकडीकडे पाहिलं, आणि ह्यांच्या तोंडाचा रंग गेला. मला आठवतं, माझ्या मनात त्या वेळी कसली दया-माया आली नाही. पहिलं आलं ते हे, की मी बरोबर होते. हा माणूस काहीतरी लपवतो आहे असं मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते. लपवत होता. फक्त बाईच्या जागी हे निघालं.

‘कदीपासून?’ मी विचारलं. ह्यांनी नुसतं माझ्या ओठांकडे पाहिलं. मग मी माझ्या मूळच्या आवाजात, माहेरच्या कलमांत ओरडायचे तशी ओरडले, ‘कदीपासून आयकायला येत नाय तुमाला?’

ह्यांनी माझा हात धरला. धरला म्हणजे असा, की बुडणारा माणूस पडावाची कड धरतो. आणि रडायला लागले. मला काही कळेना. पकडला गेलेला माणूस रडतो ते माहीत होतं, पण हे हसतही होते.

‘हाय,’ म्हणाले. ‘हाय, हाय. आला.’

मग सगळं बाहेर पडलं. इंजिनाच्या धडधडीत वर्षानुवर्षं उभं राहून कानात रातकिडे बसले होते, बोटीवरून उतरलं तरी ओरडत राहणारे. एका बंदरात पाऊस आला म्हणून हे एका दुकानात शिरले. दुकान तबकड्यांचं. तिथे गिऱ्हाइकाला ऐकायला काचेच्या लहान लहान खोल्या होत्या, आत बसायचं, दार लावायचं, दुकानदार तबकडी लावून देणार. दुकानात नव्या लांब वाजणाऱ्या तबकड्या आल्या होत्या आणि हे जुने जड अल्बम काढून टाकायला ठेवलेले. गंमत म्हणून हे बसले. बाई गायला लागली आणि कानातले रातकिडे गप्प झाले. साधं गाणं लावलं तर ते लगेच संपायचं आणि किडे परत यायचे. ‘ह्ये संपत नाय,’ म्हणाले. ‘ह्ये चालूच ऱ्हातं. मी बसून ऱ्हायचो.’ तबकड्यांचा क्रमही त्या म्हाताऱ्या दुकानदाराने हातवारे करून शिकवलेला. बोटीवरचा साहेब कोणी नव्हताच, रातकिड्यांचं सांगावं लागू नये म्हणून तो केलेला.

आणि पुढचा अल्बम कुठला, ते कोण ठरवत होतं? कोणी नाही. पुढच्या वेळी त्याच दुकानात जाऊन बसले तर बाईच्या जागी नुसती खरखर. वरचे सूर गेले होते. दुकानदार एकामागून एक अल्बम लावत गेला, हे काचेतून मान हलवत गेले, नाही, नाही, नाही, आणि शिंगं-कर्णे वाजले तेव्हा मान डोलावली. तो हिरवा. मग तेही पातळ झाले. मग करडा, त्यातला निम्मा तर कानांनी नव्हेच, हाताने ऐकत होते. आईचा आवाज बाईच्या मागोमाग गेला होता. तिला सांगायची हिंमत नव्हती. आणि वाडीत सांगितलं असतं तर चार दिवसांत मुंबईला गाववाल्या खलाशांच्या खोलीवर, तिथून बोटीच्या कचेरीत पोचलं असतं आणि बोट सुटली असती. डॉक्टरच्या तपासणीत सोबती मागे उभा राहून पायाने खूण करणार होता, तेवढीच ती खुसपूस.

‘मग मला का नाय सांगितलंत?’ मी ओरडले.

‘तुजं ऐकू येत होतं,’ हे म्हणाले. ‘सगल्यांचं गेलं तरी तुजं येत होतं. मला वाटायचा, जवर हिचा आवाज येतोय तवर मी हाय. आनी ह्या खेपेला तुजं तोंड हलायचा नि काय येयाचा नाय. मला वाटला, आता तुजा पन गेला.’

म्हणजे मी भिंतीकडे बघून दातांतल्या दातांत जे बोलत होते, त्याचा दोष ह्यांनी आपल्या कानांना दिला होता. मी रुसले होते आणि हा माणूस मला गेलेली समजून माझं सुतक पाळत होता. म्हणून जेवण तुटलं, म्हणून बोटीची घाई. घरात राहून माझं हलतं तोंड बघवत नव्हतं.

मी उभी राहिले. चाचांनीच मला कधीतरी सांगितलं होतं की इंजिनखात्यात वरून घंटेचा इशारा येतो, आणि तो ज्याला कळला नाही त्याचा हात पट्ट्यात जातो नाहीतर वाफेत. मी सगळा आवाज लावला. ‘तुमी बोटीवर जायचा नाय! ऐकलात? सोबत्याला सांगा, आपला पाय आपल्याजवल ठेव. आगर हाय, माड हाय, मी हाय. बोटीवर जायचा नाय!’ शेजारची माणसं खळ्यात येऊन उभी राहिली. देवळातून सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मी नवऱ्याला मारते आहे. सबंध वाडीला त्या दुपारी कळलं की हे बहिरे झाले आहेत. लपवायचं काही उरलं नाही, बोटही उरली नाही. हे मात्र सगळ्यांच्या देखत माझ्याकडे बघून मान डोलवत होते.

हे घरीच राहिले. माडांना पाणी घातलं, कलमं वाढवली. चार लोक म्हणायचे, काय ही बाई नवऱ्यावर ओरडते, आणि मी त्यांच्याकडे ढुंकून बघत नसे. सासूबाईंचं म्हणणं मी ओरडून ह्यांना सांगायची आणि ह्यांचं त्यांना. त्यांच्या शेवटच्या वर्षांत आई-मुलगा माझ्या घशातून पुष्कळ बोलले.

वर्षं गेली. माझ्या बोलण्यावर हे हसायचे, हुंकार द्यायचे, योग्य तिथे ‘व्हय’ म्हणायचे. पण मी समोर असताना. चुलीकडे तोंड करून मी काही बोलले तर आधी उत्तर यायचं, मग उशिरा यायला लागलं, मग हे उठून माझ्या समोर येऊन बसायला लागले. ओठांवरून कळून घ्यायला हे कधी शिकले, आणि माझा आवाज नेमका कधी गेला, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला संशय आहे. फार जुना आणि पक्का संशय. पण मी पुन्हा कधी मागे उभं राहून बोलून पाहिलं नाही.